कैद्याचा लखोटा

१८९४ सालच्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी माझे गिरगावातले शेजारी हेरंबराव धुरू एक जुना लखोटा घेऊन आले. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. ते टपालतिकिटे जमवतात. लखोट्यावर अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सरकारने काढलेले निळे तिकीट होते. ते सरकार चार वर्षांत बुडाले. संग्राहकांचा रिवाज असा की, तिकीट भिजवून सोडवावे, वहीत डकवावे आणि कागद टाकून द्यावा.

"रंग न उतरता सोडवून द्या. वहीत एवढे एकच घर रिकामे आहे. तीन वर्षे वाट पाहतोय."

"खोटे असले तर?"

"तुम्हाला तर सत्यनारायणाची पोथीही खोटी वाटते. सोडवा हो, प्रोफेसर."

पत्ता उत्तरेच्या बाजूच्या ओहायो राज्यातल्या एका बाईंचा होता. कोपऱ्यात 'युद्धकैद्याचे पत्र' असा शेरा आणि तपासनिसाची सही. मी ओला टीपकागद आत सरकवला. तिकीट निम्मे सुटले, तोच शिवणीचा डिंक विरघळला आणि लखोटा उलगडला.

आतल्या बाजूस दुसरे, उत्तरेच्या सरकारचे गुलाबी तिकीट होते. हस्ताक्षर निराळे, आणि पत्ता दक्षिणेच्या राजधानीतल्या, रिचमंडच्या तुरुंगातल्या एका लेफ्टनंटचा. दोन्ही पत्त्यांत आडनाव एकच.

"बाईंनी हा त्याला धाडला," मी म्हणालो. "तुरुंगात कागद नसावा. त्याने लखोटा उलटा केला, चिकटवला आणि त्यांनाच परत धाडला. बाई बायको की आई, ते कागद सांगत नाही."

"म्हणजे हा कागद दोनदा रणभूमी ओलांडून गेला?"

"दोनदा. दोन्ही खेपा शत्रूच्या हातांतून."

मला चमत्कार मान्य नाहीत. तरी मी भिंग घेऊन दोन्ही पत्ते पुन्हा वाचले.

हेरंबरावांनी विचारले, "तो घरी पोचला का हो?"

"लखोटा एका कडेने कात्रीने जपून कापलेला आहे. पत्र पोचले असावे, एवढेच म्हणता येते."

"आणि तिकीट?"

"आणखी दोन मिनिटांत सुटेल. पण मग हा कागद टिकणार नाही."

ते वाकून त्या दोन हस्ताक्षरांकडे पाहत राहिले. मग त्यांनी ओला टीपकागद हळूच काढून घेतला, कोरडा मागितला, आणि सुटलेले तिकीट त्याखाली बोटाने दाबून धरले. डिंक वाळेपर्यंत ते बोट त्यांनी उचलले नाही.