कान आणि हात

जपानी शिपाई गोन्‌रोकूच्या लाथेने सोयाबीनच्या लगद्याचा रांजण फुटला आणि त्यामागे लपलेली दोघं उघडी पडली. एक वैद्य ह्योजिक, दुसरी त्याची धाकटी बहीण ओकबुन. तिच्या मांडीत भाला घुसून गेला होता. बांधलेली चिंधी भिजून टपकत होती.

जपानी फौजेची ही कोरियावरची दुसरी स्वारी. मारलेल्या माणसाचा पुरावा म्हणून सरदारांना नाकं लागत. मिठात घालून ती समुद्रापार जात. जिवंताचं नाक मुडद्याच्या नाकासारखंच दिसतं, हे शिपायांना लवकर कळलं होतं.

गोन्‌रोकूने ओकबुनला केसांना धरून ओढलं. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने भाल्याचा दांडा तिच्या तोंडावर हाणला. दात तुटून तिच्या हनुवटीवर ओघळले.

"मांजर आहे नुसती! हल अजून. सुरी घसरली तर ओठही येईल बरोबर."

"थांब रे," मागून आवाज आला. फौजेबरोबर आलेला भिक्षू झुइहाकू अंगणात शिरला होता. "बाई जिवंत आहे."

"मग काय झालं, बुवा? नाक थोडंच ओरडतं?"

ह्योजिकला जपानीतला एकही शब्द कळत नव्हता. पण भिक्षू म्हणजे शिकलेला, आणि शिकलेला म्हणजे चिनी अक्षरं येणारच. जळून पडलेल्या छपराची राख त्याने तळव्याने सपाट केली आणि बोटाने लिहिलं: 取.

चीनमध्ये याला छ्यू म्हणतात, कोरियात छ्वी. जपानी माणूस ते पाहून 'तोरु' वाचतो. अर्थ सगळीकडे एकच, घेणे. ह्योजिक ते रोज लिहायचा: आल्याचा रस घ्यावा, सुई टोचायला गुडघ्याखालचा बिंदू घ्यावा. त्या अक्षराची घडण मात्र फार जुनी. डावीकडे कान, उजवीकडे हात. प्राचीन चीनमध्ये मारलेल्या शत्रूचा डावा कान कापून आणत, त्यावरून ते आलं. त्याने खाली जोडलं: 'मृताचा कान. जिवंताचा नव्हे.'

झुइहाकूने वाकून वाचलं. "खरं आहे याचं. गोन्‌रोकू, घ्यायचं ते मेलेल्याकडून, असं म्हणतोय हा. अक्षरातच आहे. हा बघ कान."

"कान?" गोन्‌रोकू हसला. "कान दोन असतात, बुवा. आमच्यातले चोर एका मुडद्याचे दोन करतील. नाक कसं, एकच. अक्षर बनवणाऱ्याला फौज सांभाळायची नव्हती वाटतं."

भिक्षूने राखेत लिहिलं: 'मी याला अडवू शकत नाही. मेलेला कुणी आहे का?'

होता. भिंतीशी चटईखाली या भावंडांचे वडील होते. आयुष्यभर विंचरताना गळलेले त्यांचे केस आणि कापलेली नखं एका पिशवीत जपलेली होती; ती ह्योजिकने सकाळीच त्यांच्या बाहीत सरकवली होती. आईबापांनी दिलेला देह अख्खा मातीला द्यायचा. ते मोडण्यापेक्षा मोठं पाप नव्हतं.

ओकबुनला अक्षरं येत नव्हती. भावाची नजर तिला वाचता आली.

"दादा, तिकडे बघू नकोस! माझं घेऊ दे. ऐकतोस ना? बाबांना हात लागता कामा नये!"

सुरीचं टोक तिच्या नाकपुडीत शिरलं. रक्त ओठांवर आलं.

ह्योजिकने राखेतल्या अक्षराकडे बोट दाखवलं. मग चटईकडे.

"म्हातारा होय!" गोन्‌रोकूने चटई उचकटली. "असू दे. मिठाला वयाशी काय करायचंय?" प्रेताच्या छातीवर गुडघा रोवून तो करवतीसारखी सुरी ओढू लागला. पातं बोथट होतं. कातडी फाटत गालापर्यंत ताणली गेली.

ह्योजिकने झडप घालून सुरी हिसकावली. गोन्‌रोकूने भाला उगारला, पण वैद्य प्रेतापाशी बसलेला पाहून तो थांबला. "घे बाबा, तूच घे. तुझा सफाईचा हात दिसतोय."

हाड कुठे संपतं ते ह्योजिकने अंगठ्याने चाचपलं आणि एकाच ओढीत कापलं. तुकडा गोन्‌रोकूच्या हातावर ठेवला. झुइहाकू पाठ फिरवून पुटपुटत होता.

"चला बुवा, मंत्र वाटेत म्हणा," म्हणत गोन्‌रोकूने त्याला पुढे घातलं.

ते गेल्यावर ह्योजिक बहिणीच्या मांडीशी बसला. चिंधीखालून रक्त उसळत होतं.

"त्या हातांनी मला शिवू नकोस," ओकबुन म्हणाली. तिने धड पायाने त्याच्या छातीत लाथ मारली. तो पडला, उठला, तिच्या पोटावर गुडघा दाबून त्याने तिला जमिनीला खिळवलं आणि स्वतःचा कमरपट्टा तिच्या जांघेभोवती आवळला. ती त्याच्या तोंडावर थुंकली. त्याने दुसरी गाठ मारली.