चौऱ्याऐंशीचा करंडक

कपात चमचा किणकिणला आणि मी मान वर केली. तातो, म्हणजे माझे वडील, कॉफीत साखर घेत नाहीत. तरी ढवळत होते.

माझी लेक लेसिया दुपारची झोपली होती. ती झोपते तेवढा दीड तास माझा. त्यातच मला पुस्तिका संपवायची होती. शनिवारी आमच्या टॉर्लेन गावातल्या बर्फाच्या रिंकवर उत्तर विभागाच्या ज्युनियर आइस हॉकीचा अंतिम सामना होता, समोर क्विलबर्न गावाचा संघ, आणि आम्ही जिंकलेल्या एकुलत्या एक करंडकाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. समितीने इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. "तू घरीच असतेस ना, डार्का," म्हणाले. पाच वर्षांचं मूल ज्यांनी कधी सांभाळलं नाही, तेच असं म्हणतात.

मी एकावन्न सालापासून सुरुवात केली होती. लोण्याच्या कारखान्याने स्पर्धेसाठी दिलेला पहिला करंडक, गोठलेल्या तळ्यावरचे सामने, गोलच्या जागी दुधाचे कॅन. नुकतंच चौऱ्याऐंशीचं पान तातोंना वाचून दाखवलं होतं: 'निर्णायक सामन्याला वादळामुळे क्विलबर्नचा संघ पोहोचू शकला नाही. नियमाप्रमाणे टॉर्लेन विजयी.'

"वादळ होतं," तातो म्हणाले. "पण एवढं नव्हतं."

"म्हणजे?"

"त्या वर्षी बर्फ लोटायचा ट्रक माझ्याकडे होता."

पुढचं त्यांनी सांगायच्या आधीच मी पेन खाली ठेवलं. आमच्याकडे हिवाळ्यात पाहुण्यांचा संघ यायचा असला की यजमान गावाचा ट्रक हद्दीपर्यंत जातो आणि बसच्या पुढे रस्ता साफ करत येतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण कुणी चुकवतही नाही. भांडायचं ते रिंकवर, रस्त्यावर नाही.

"तू गेला नाहीस?"

"नाही."

"कुणी सांगितलं जाऊ नको म्हणून?"

"कुणीच नाही, बाळा. तीच तर गंमत. एरवी दहा जण विचारायचे, 'काय ऑरेस्ट, निघालास की नाही? की बायकोने अडवलंय?' त्या दिवशी सगळे माझ्यासमोरून गेले. कोच गेला, पाद्री गेला. कुणी तोंड उघडलं नाही. मीही इंजिन चालू करून शेडमध्ये बसून राहिलो. वायरलेसवर बसचा ड्रायव्हर हाका मारत होता. तीनदा. मी आवाज बारीक केला."

सात तास ती पोरं खड्ड्यात कललेल्या बसमध्ये होती. त्यांच्या गोलकीपरच्या, सिव्हर्टच्या, उजव्या पायाची थंडीने गोठलेली तीन बोटं कापावी लागली. तो पुन्हा खेळला नाही. शनिवारी क्विलबर्नतर्फे पाहुणा म्हणून तोच येणार होता.

"लिही," तातो म्हणाले. "मला चारचौघांत बोलता यायचं नाही. तू लिही."

मी हो म्हटलं.

त्यानंतरच्या दोन दुपारी मी त्या ओळीसमोर बसून होते. एकदा सगळं लिहून काढलं, चांगलं उतरलंही होतं. मग वाटलं, शनिवारी खेळाची पहिली चकती टाकून सामना सुरू करायचा मान तातोंचा. तीस वर्षं त्यांनी त्या रिंकचं बर्फ सांभाळलं. लेसियाला शाळेत कुणी काही बोललं तर? मी ते खोडलं. वादळ होतं तसंच राहू दिलं. तातोंना म्हटलं, "छापायला दिलं." त्यांनी माझा हात दाबला. किती हलके झाले होते ते! त्या रात्री पोटभर जेवले, 'गीदो, अजून!' म्हणणाऱ्या नातीला खांद्यावर घेऊन घरभर नाचले. मी भांडी घासत राहिले. वळून बघायचा धीर झाला नाही.

शनिवारी रिंक खच्चून भरली होती. क्विलबर्नची पोरं बर्फावर उतरली आणि आमच्या बाजूने नेहमीची आरोळी उठली, "बस कुठाय? बस कुठाय?" ही आरोळी आमच्या गावात मुलं बोबडं बोलायला लागल्यापासून शिकतात. मीही गळा फाटेस्तोवर ओरडले आहे. चिडवणं, बाकी काय, असंच वाटायचं. लेसिया बाकावर चढून ओरडत होती, लाल टोपी घालून, माझ्याकडे बघून हसत, आई शाबासकी देईल म्हणून. गेल्याच महिन्यात मी तिला शिकवलं होतं. मी तिला खाली ओढलं.

"काय झालं? मी बरोबर म्हणत होते ना?"

"पुरे आता."

शेजारी तातो पुस्तिका उघडून बसले होते. चष्मा लावला, पान शोधलं, ती एक ओळ वाचली. उलटून पुढचं पान बघितलं, मग पुन्हा मागचं. मग माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. लहानपणी मी स्केटिंग करताना पडले की ते जसं बघायचे, लागलं का गं, तसं बघितलं.

"तातो, मी..."

"असू दे," ते म्हणाले. "माझंच काम होतं. तुझ्यावर कशाला टाकलं मी."

लाऊडस्पीकरवर त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते अंथरलेल्या लाल पट्टीवरून मधोमध गेले. तिथे सिव्हर्ट उभा होता, पांढऱ्या मिशांचा, हसरा. तातोंनी चकती टाकली नाही. ती त्याच्या तळहातावर ठेवली, त्याची बोटं मिटवली आणि काहीतरी बोलले. एवढ्या गलक्यात कुणाला ऐकू आलं नाही. सिव्हर्टचं हसू विरलं. मग त्याने हात सोडवून घेतला.

"वा! याला म्हणतात खिलाडूपणा!" मागून कुणीतरी ओरडलं. अख्खी रिंक उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात. माझ्या खांद्यावर थापा पडत होत्या, "नशीबवान आहेस गं, असा बाप मिळाला!" आणि मी मान हलवत होते, थँक यू म्हणत होते.

तातो परत येत होते, खाली बघत, एकेक पाऊल टाकत. लेसियाने माझी बाही ओढली.

"आई, सगळे गीदोसाठी टाळ्या वाजवतायत. मग गीदो रडतोय का?"