दहापैकी चार

मी एक जुनी जॉयस्टिक आहे, मित्रांनो, आणि तुमच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं. छत्री, फळा, फाटकी चप्पल यांची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत वाचली असतील. ती बिचारी तुमच्यापुढे हात जोडतात आणि शेवटी दोन आसवं गाळतात. माझ्यात आसवं गाळायची सोय नाही. एक काळा दांडा, खाली जड बैठक आणि दांड्याच्या पोटाला एक लाल बटण, एवढीच मी. त्या बटणाला ट्रिगर म्हणतात, म्हणजे बंदुकीचा घोडा. तुमच्यातल्या बहुतेकांना माझी ओळख त्या बटणापुरतीच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा आपल्या देशाचे दरवाजे बाहेरच्या मालाला नुकतेच उघडले होते. आमच्यासारख्यांची खोकी दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या दुकानांत येऊन पडू लागली होती. तिथून मला दत्तात्रय सबनीस यांनी उचललं. ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. घरात एकच मुलगी, कृतिका. शेजारचे विचारायचे, "सबनीसजी, लड़का तो है नहीं, ये किसके लिए लाए?" सबनीस नुसते हसायचे. उत्तर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हा त्यांचा दोष पुढे येईलच.

माझी उमेदीची वर्षं कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमानं पाडण्यात गेली. संध्याकाळ झाली की ब्लॉकमधली पोरं रांग लावायची. "क्या ट्रिगर है यार!" असं म्हणत मला कुरवाळायची. मीही फुगायची. खोटं कशाला सांगू? स्तुती करणारा माणूस किती मूर्ख आहे हे कोणी तपासत बसत नाही. मीही तपासलं नाही.

मग सबनीस निवृत्त झाले आणि आम्ही दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेला, सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आलो. तुम्ही तो भाग तेव्हा पाहायला हवा होता. ओळीनं टॉवर, सगळ्यांना एकच पिवळा रंग, एकसारख्या बाल्कन्या, एकसारखे जिने. कृतिका गुडगावच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. एकदा साताऱ्याहून तिचे हरिदासमामा आले. त्यांनी समोरच्या टॉवरमध्ये याच मजल्यावरचं दार वाजवलं, आत बसले, चहा प्यायले आणि चहा संपल्यावर विचारलं, "लतिका दिसत नाही ती?" लतिका म्हणजे कृतिकाची आई. त्या घरातल्या पंजाबी बाईंनी त्यांना हाताला धरून आमच्याकडे पोचवलं. घरात सगळे हसले. कृतिका हसली नाही. थोड्याच दिवसांत तिनं नोकरी सोडली आणि घरी बसून कॉम्प्युटरचा एक खेळ लिहायला घेतला.

खेळाचं नाव 'कौन-सा ब्लॉक?' त्यात एक म्हातारा बाप मुलीचं घर शोधत नव्या वस्तीत येतो. पत्त्याचा कागद भिजून गेलेला. तो एकेक दार वाजवतो. दांड्यानं म्हाताऱ्याला चालवायचं आणि ट्रिगर दाबला की दारावर थाप पडते. आतून कोणीतरी येतं, आपली गोष्ट सांगतं आणि जाता जाता त्या मुलीबद्दल एखादी खूण देतं. दुसऱ्या मजल्यावरची एक बाई सांगते, "ती म्हणायची, माझे बाबा दार वाजवत नाहीत. नुसते उभे राहतात. मला कळतं." हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. तुम्ही ठेवणार नाही, पण ठेवा. कारण सगळ्यात वरच्या मजल्यावरचं शेवटचं दार थापेनं उघडत नाही. तिथे ट्रिगरवरचं बोट उचलायचं आणि थांबायचं. मग ते आपोआप उघडतं.

आयुष्यभर मला सगळ्यांनी दाबलं. गप्प राहा असं मला पहिल्यांदा त्या पोरीनं सांगितलं, आणि मला ते आवडलं.

आता तुमच्या जातीकडे वळते. कृतिकानं सोसायटीतल्या पोरांना खेळून बघायला बोलावलं.

"दीदी, गन कहाँ है?"

"गन नहीं है।"

"तो मारेंगे किससे?"

"मारना किसको है?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं दिलदारपणे तोडगा काढला, "दीदी, बुड्ढे को ही गन दे दो. जो दरवाज़ा न खोले, ठाँय!" घरात येताना वाघ मारायला निघाल्यासारखा आव, आणि दारामागे एक बाई स्वतःबद्दल चार वाक्यं बोलली की जांभया. खेळ कसा असावा हे त्यांना खेळ सुरू व्हायच्या आधीच ठाऊक होतं. ज्यांना सगळं आधीच ठाऊक असतं, त्यांच्यासाठी नवीन काही करू नये. त्यांना जुनंच पुन्हा रंगवून द्यावं. दुकानदार तेच करतात आणि सुखी असतात.

पोरांना नावं ठेवून घरच्यांना सोडणार नाही. सबनीस खेळात पहिल्या मजल्याच्या वर कधी चढले नाहीत. तिथेच चष्मा काढून म्हणाले, "वा! अप्रतिम!" आणि मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या कृतिकानं असं काही केलंय की बस्स." लेकीच्या कामावर प्रेम, पण ते बघायचा कंटाळा. फुकटची शिवी आणि फुकटची शाबासकी एकाच आळसाच्या पोटी जन्मतात.

नेहरू प्लेसला खुराना म्हणून गेमच्या सीड्यांचे बडे दुकानदार होते. त्यांनी सीडी उलटसुलट केली आणि म्हणाले, "मॅडम, मैं तो खेलता नहीं. मॅगझिन में दस में से सात ले आओ, सामनेवाली शेल्फ आपकी. नहीं तो भूल जाओ." कृतिकानं घरी येऊन सांगितलं, "सात मिळाले तर दुसरा खेळ करायला घेते. नाही मिळाले तर गुडगाव आहेच." लतिकाबाईंनी देवाला साखर ठेवली.

त्या मासिकात परीक्षण लिहायचा तो जयंत. आर. के. पुरमचाच, मागच्या ब्लॉकमधल्या कुमुदताईंचा मुलगा. लहानपणी माझ्या रांगेत उभा राहायचा आणि आपली पाळी संपली तरी दांडा सोडायचा नाही. त्याची स्वतःची जॉयस्टिक मोडली होती, म्हणून कृतिकानं सीडीबरोबर मलाही पिशवीत घातलं. तेवढ्यात लतिकाबाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. त्यात चकल्या होत्या.

"आई, डबा नको गं. तो परीक्षण लिहिणार आहे."

"मग परीक्षण लिहिणाऱ्यानं खाऊ नये का? दिल्लीत आपली माणसं किती? त्यांच्याकडे रिकाम्या हातानं जायचं?"

"तसं नाही, आई. त्याला वाटेल..."

"काही वाटत नाही. कुमुदताईंचा जयंत तो. माझ्या हातच्या चकल्या खाऊनच वाढलाय."

माझ्याशेजारी तो डबा गरम होता. बाईच्या मनात काडीचं पाप नव्हतं. आपल्या लोकांची हीच तर गंमत आहे. डबा पाठवणं हा यांचा नमस्कार असतो, आणि बाहेरच्या जगात त्याला काय म्हणतात हे यांच्या गावीही नसतं.

जयंतनं तो डबा ऑफिसात, टेबलावर, सगळ्यांदेखत उघडला. शेजारच्या अरोराला नुसता वास पुरला.

"ओहो! घर की चकली? किसने भेजी?"

"एक गेम आया है. फॅमिली फ्रेंड है."

"अरे वाह! घूस भी होममेड!" अरोरानं दोन चकल्या उचलल्या आणि ओरडून सगळ्यांना सांगितलं, "भाई लोग, जयंत साहब बिक गए! वो भी चकली में!"

सगळं ऑफिस हसलं. जयंतचे कान लाल झाले. मित्रांनो, परीक्षण त्या क्षणी लिहून झालं. पुढे जे घडलं तो देखावा.

त्यानं मला जोडलं आणि चकलीच्या तेलकट बोटांनी ट्रिगर दाबत सुटला. ट्रिगर पुन्हा दाबला की माणसांचं बोलणं पुढे पळतं. दुसऱ्या मजल्यावरची बाई "ती म्हणायची..." एवढंच म्हणाली आणि जयंतनं तिला उडवलं. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर त्याला फोन आला. चकल्याही संपल्या. म्हाताऱ्याला जिन्यातच उभा ठेवून त्यानं मशीन बंद केलं. ते परत लावलं नाही.

मासिक इंग्रजी होतं, त्यात काय छापलं ते मराठीत सांगते. "लेखिकेशी माझा घरचा परिचय आहे हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो, आणि म्हणूनच अधिक कठोर होणं माझं कर्तव्य समजतो. हा खेळ नव्हे, खेळाचं सोंग आहे. शेवटी म्हातारा हात हलवत परत जातो. ही निराशा उगाच, कलात्मक दिसण्याची हौस आहे. दहापैकी चार."

ओळखीपोटी दहा देणारा लबाड, हे तुम्हाला कळतं. ओळखीच्या भीतीनं चार देणारा तुम्हाला मात्र न्यायाधीश वाटतो. दोघेही खेळाकडे बघतच नाहीत. एकाची नजर यजमानाकडे असते, दुसऱ्याची अरोराकडे.

खुरानांनी मासिक वाचलं आणि फोन उचलणं बंद केलं.

पुढच्या रविवारी जयंत स्वतः द्वारकेला आला. का? डबा परत द्यायला! आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून कुमुदताईंनी त्यात बेसनाचे लाडू भरून दिले होते. लेकीच्या खेळाला चार देऊन पठ्ठ्या लाडू घेऊन दारात उभा. पिशवीत खाली मी.

"काकू, राग नाही ना? माझी पोझिशन समजून घ्या. तिथे इम्पार्शियल राहावंच लागतं."

"बस रे. चहा टाकते," लतिकाबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण आतल्या खोलीत जाऊन त्यांनी डब्याचं झाकण जरा जोरातच आपटलं.

कृतिकानं शांतपणे विचारलं, "जयंतदादा, म्हातारा परत जातो हे तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"शेवट पाहिलास का तू?"

"अगं, शेवट काय, इतके गेम बघतो मी. कुठे चाललंय ते कळतं. काका, तुम्हीच सांगा, परतच जातो ना तो?"

सबनीसांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तोच चष्मा, पहिल्या मजल्यावर "अप्रतिम" म्हणताना काढलेला. पुसत राहिले. लेकीनं बापाकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मला चार गुणांपेक्षा जड वाटलं.

"ये," ती जयंतला म्हणाली. "वरच्या मजल्यापासून लावून देते. एकच दार उरलंय. उघड."

जयंत बसला. मला गच्च धरलं, लहानपणी धरायचा तसंच. ट्रिगर दाबला. ठक. पुन्हा दाबला. ठक ठक ठक. दार बंद. "हँग झाला बहुतेक." ठक ठक. सबनीस मागून म्हणाले, "अरे, जोरात दाब." लतिकाबाई चहाचे कप घेऊन आल्या आणि त्याही म्हणाल्या, "दुसरं एखादं बटण असेल." माझ्या ट्रिगरची स्प्रिंग करकरायला लागली. मला ओरडावंसं वाटलं, सोड रे, सोड! पण आम्हाला तोंड नाही, फक्त बटण आहे.

"बघ," जयंत शेवटी म्हणाला. "हेच मी लिहिलं. खेळणाऱ्याचा तुला विचारच नाही. ये सब फिलॉसॉफी घर पे ठीक है, यार." त्यानं मला टेबलावर ठेवलं, पडद्याकडे पाठ केली आणि बशी उचलून सबनीसांना निष्पक्ष परीक्षण म्हणजे काय ते समजावू लागला. सबनीस मान हलवू लागले. लतिकाबाई साखर ढवळत होत्या.

आणि दार उघडलं.

पडद्यावर उजेडाची एक उभी फट पडली, रुंदावली. आत मुलगी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, चपला आत घेऊन या. इथे बाहेर राहत नाहीत." म्हातारा वाकला, चपला हातात घेतल्या, आत गेला. दार लागलं, आणि जिन्यातला दिवा विझून पडदा काळा झाला. हाच शेवट. कृतिका तो उभ्या उभ्या बघत होती. तिच्याशिवाय कोणीही नाही.

जयंत लाडवाला हात घालता घालता वळला. काळा पडदा बघून त्याचा चेहरा उजळला.

"देखा? बंद पडला! मी तरी चार दिले हं. दुसऱ्या कोणी तीनच दिले असते."

त्यावर कृतिका हसायला लागली. मोठ्यानं, खुर्चीची पाठ धरून. जयंतला वाटलं तिनं मनावर घेतलं नाही, आणि तो समाधानानं दुसरा लाडू खाऊन गेला.

तो गेल्यावर सबनीस हळूच म्हणाले, "तिथे एक पाटी लाव ना, 'बटण सोडा' म्हणून. लोकांना कळेल."

"नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही आधी दुसऱ्या मजल्यावर जा."

ती गुडगावला परत गेली आणि मोबाईलवरच्या क्रिकेटचे खेळ करू लागली. दुसरा खेळ झाला नाही. खुरानांच्या समोरच्या शेल्फवर विमानं पाडायचा एक नवा खेळ आला, त्याला जयंतनं नऊ दिले. तो तरी त्यानं पुरा खेळला असेल का, विचारूच नका. सबनीस मात्र एका दुपारी चष्मा लावून माझ्यापुढे बसले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. वर काही गेले नाहीत. त्यानंतर त्यांनीच मला फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

मित्रांनो, इथे माझे जातभाई तुम्हाला विनवतात की आम्हाला पुसा, जपा, तेल घाला. मला पुसू नका. धुळीचा मला त्रास नाही. पण कोणाची कष्टाची वस्तू हातात घेतलीत तर ती पुरी बघा, आणि बघायची नसेल तर 'बघितली नाही' म्हणा. त्यानं काही बिघडत नाही. आणि कधी एखाद्या बंद दारासमोर उभे राहिलात, ठोकून ठोकून हात दुखायला लागला, तर दाराला शिव्या घालायच्या आधी बोट उचला. गप्प राहा. आणि कृपा करून पाठ फिरवू नका.