कोरडा कापूस

दहा सेकंद झाल्यावर तिने बर्नर बाजूला घेतला. उभी टांगलेली प्लास्टिकची पट्टी चार सेकंदांत विझली. पण विझण्याआधी तिच्यातून एक पेटता थेंब सुटला आणि फूटभर खाली ठेवलेल्या कापसाने भप्पकन पेट घेतला.

"नापास," ती म्हणाली.

"होणारच," काका वहीतून मान वर न करता म्हणाले. "तुमचं नवं मिश्रण. शिकलेल्यांना घाई फार."

"ही नवी नाही, काका. तुलनेला लावलेली जुनी आहे. तुम्ही पास केलेली."

काकांचं पेन थांबलं.

त्या प्लास्टिकची सॉकेटं घरोघरी होती. गेल्या वर्षी एका वसतिगृहात तशाच सॉकेटपासून आग लागून तीन मुली गेल्या. प्लास्टिक पेटता थेंब गाळत नाही, असा काकांच्या सहीचा दाखला होता. म्हणून दोष वायरिंगवर गेला आणि वायरिंग करणारा तुरुंगात. तो काकांचा जावई. "चाचणी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," असं मुलीला सुनावून काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. प्रयोगशाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. विषय मात्र कुणी काढत नसे.

काका उठून जवळ आले.

"कापूस कुठला घेतलास?"

"बंद बरणीतला. सुकवलेला. नियमात तसंच आहे."

काकांनी बेसिनवरच्या फळीकडे पाहिलं. तिथे त्यांचं कापसाचं बंडल उघडंच असायचं, हाताशी बरं म्हणून. शेजारच्या गरम पाण्याच्या भांड्याची वाफ दिवसभर त्याला लागायची. त्यांनी त्यातला बोळा तोडला, पट्टीखाली ठेवला आणि दुसरी पट्टी स्वतः पेटवली. थेंब पडला. चर्र झालं. कापसावर तपकिरी डाग उमटला, बस्स.

"हे अजून कुणी पाहिलेलं नाही," ती हळूच म्हणाली.

"पाच पट्ट्यांचा नियम आहे. लाव उरलेल्या. बरणीतल्या कापसावर."

उरलेल्या पट्ट्यांखालचा कापूस एकेक करून पेटला. काकांनी अहवाल स्वतः भरला. 'चूक कशामुळे' या रकान्यात कापूस ठेवायच्या फळीची जागा लिहिली, किती वर्षांपासून तेही लिहिलं आणि खाली सही केली. मग टेबलावरचा फोन ओढून नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता.

पलीकडे लहान मुलीचा आवाज आला. टेबलाशी उभ्या असलेल्या तिलाही ऐकू येण्याइतका मोठा.

"हॅलो? कोण बोलतंय?"

काकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आईला बोलाव, बाळा," ते म्हणाले. "सांग, प्रयोगशाळेतून फोन आहे."