माझ्या वाट्याचा नवरा

आमच्या ह्यांना पार्किन्सन झाला तेव्हा मी म्हटलं, हात थरथरेल, पाय अडतील, आपण दोघं मिळून निभावू. मध्ये कंडक्टरबाई येतील हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

हे पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा माणूस. आता हातात कप धरला की बशी वाजते. रेघ गेली आणि तिच्यामागोमाग बोलणंही गेलं. घरात ह्यांच्याकडे शब्द उरले ते एवढेच: हो, नको, असू दे. चेहराही तसाच कोरा. ह्या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, मनातलं तोंडावर उमटत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मीही समजून घेतलं. नोकरीभर गोदामाची आवक-जावक सांभाळलेली बाई मी. माल येतच नसेल तर फळी रिकामी दिसणार, त्यात चिडायचं काय?

पण माल येत होता. दुसरीकडे उतरत होता.

वाचनालयामागच्या हॉलमध्ये ह्या आजाराच्या लोकांचा व्यायामवर्ग भरतो. त्या दिवशी हे सकाळीच दाढीला बसतात, इस्त्रीचा शर्ट मागतात. मी बाहेर बाकावर बसते आणि खिडकीतून मला ह्यांचं हसणं ऐकू येतं. त्या हसण्याला कारण कंडक्टरबाई. बसमधून निवृत्त झाली, पण आवाज अजून नोकरीतच आहे. तिलाही हाच आजार. डाव्या हाताची बोटं सदोदित सुटे पैसे मोजत असल्यासारखी चालतात.

हॉलच्या दारात ह्यांचे पाय जमिनीला चिकटतात. मी मायेनं दंड धरून "चला ना, हळूच" म्हणते, हे ढिम्म. आतून बाई खडसावते, "ओ पेंटर, दारात उभं राहू नका, पुढे सरका." आणि हे सरकतात! घरी न्हाणीच्या दारात मीही तसंच ओरडून पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच विनातिकीट चढले होते.

परवा डॉक्टरांनी विचारलं, "मन कसं आहे?"

"फर्स्टक्लास," हे म्हणाले. "तुमच्या पाटीचा रंग तेवढा उडालाय. हात बरा झाला की आधी ती घेतो."

डॉक्टर खूश. माझ्याकडे वळून म्हणाले, "घरी कसे असतात?"

आता हे फर्स्टक्लास आमच्या घरी पोचत नाही, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, "छानच असतात."

घरी आल्यावर हे बुटांसकट भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवण नको. मी मनात म्हटलं, आज बाईचा दिवस नाही ना, मग कशाला उठतील.

पुढच्या वर्गाला मी बाईला दाराबाहेर गाठलंच. हे आत खुर्च्यांचा आधार घेत हात-पाय ताणत होते.

"तुमच्याजवळ बरंच बोलतात म्हणे आमचे हे."

"बोलतात की. राग आला का वहिनी?"

"राग कशाला? तुमचा आजार एक, गप्पा एक. माझाच मेला हात थरथरत नाही."

बाई हसली नाही. "गप्पा चारचौघांत. वर्ग सुटला की तुम्ही गाडी बघायला जाता ना, तेवढ्यात मागच्या पायरीवर बसून रडतात तुमचे पेंटर."

मी खिडकीतून आत ह्यांच्याकडे बघितलं.

"म्हणतात, सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले. मलाही झालं होतं. ह्या आजारात मनालाही धरतं, वहिनी. डिप्रेशन. त्याचं औषध वेगळं असतं, मी घेते. त्यांना किती सांगितलं, घरी बोला, डॉक्टरांशी बोला. तर मलाच शपथ घातली, तुम्हाला सांगू नका म्हणून. आज मोडली."

खरं तर आधी भीती वाटायला हवी होती. मला मत्सर वाटला, पूर्वीपेक्षा जास्त. हसू दिलं ते मी सोडून दिलं असतं. हसू काय, माणूस रस्त्यात भेटलेल्यालाही देतो. रडणं घरचं असतं. तेही तिकडेच उतरवलं. भीती मागून आली, गाडीत, ह्यांचा इस्त्रीचा शर्ट बघताना.

घरी आल्यावर हे पलंगाच्या कडेला बसून बटणाशी झटत होते. एरवी मी पटकन काढून दिलं असतं.

"तिच्याजवळ रडता," मी म्हटलं. "माझ्याजवळ का नाही?"

बटण सुटलं नाही. आवाज इतका बारीक आला, की मला कान जवळ न्यावा लागला. "तिला काही करावं लागत नाही."

"म्हणजे?"

"तुला बोट कापलं सांगितलं तरी तू घर डोक्यावर घेतेस. मग तुझी धावपळ बघून मला बरं वाटल्याचं सोंग आणावं लागतं. ती नुसती बसते."

हे बोलत होते तोवर मी उठून फोनमध्ये डॉक्टरांचा नंबर शोधायला लागलेही होते. लक्षात आल्यावर फोन ठेवला, परत येऊन बसले.

"पण डॉक्टरांना सांगायचं. उद्याच."

"तूच सांग. तिथे गेलं की मला विनोद सुचतात."

"मीही खोटंच बोलले परवा."

"ऐकलं मी."

"तुमच्यासमोर सांगेन. मध्येच पाटीचा विषय काढायचा नाही."

"हं."

"आता बोला."

"काय?"

"तिला सांगितलंत ते. पहिल्यापासून."

"पुन्हा सगळं?"

"सगळं. त्यातलं काही गाळायचं नाही. आणि तिला नाही सांगितलं असं थोडं वर पाहिजे मला."

ह्यांच्या ओठाचा कोपरा हलला. ते हसू होतं की आजार, मला ठरवता आलं नाही. मग हे बोलायला लागले. पहिल्याच वाक्याला माझे हात पाणी आणायला, पाठ चोळायला, उशी सारखी करायला निघाले. मी ते मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिले.