बॉयलरमागचा शब्द

लाँड्रीच्या मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. पगार वाढवायची ऐपत नव्हती आणि माणसं टिकवायची होती, म्हणून ताईंनी फुकटातला उपाय काढला होता. माणूस कंटाळल्यासारखा दिसला की त्या त्याला बॉयलरच्या मागे बोलावत आणि हळूच म्हणत, "कुणाजवळ बोलू नका, पण माझ्यानंतर हे दुकान तुम्हीच सांभाळायचं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

बॉयलरच्या फुसफुसण्यात बाहेर काही ऐकू जात नसे. प्रेसवाले मामा तिथून बाहेर पडले ते ताठ मानेने. रफूवाल्या मावशींनी डोळे पुसले. काउंटरवरच्या पोराने, ज्याला सगळे चष्म्या म्हणत, दुसऱ्या दिवसापासून शर्ट आत खोचायला सुरुवात केली. कुणी सोडून गेलं नाही. हा उपाय बँकेतल्या ठेवीपेक्षा बरा, असं ताईंना वाटू लागलं होतं.

त्या दिवशी दुपारी एका मोठ्या हॉटेलचा व्यवस्थापक आपला कोट घ्यायला आला. कोटाची घडी त्याने उजेडात धरून पाहिली आणि ताईंच्या देखतच मामांना म्हणाला, "आमच्या लाँड्रीत या. पगार बराच जास्त देऊ, वर जेवण. आज हो म्हणालात तर जागा तुमची."

मामा गेले तर दुकान बसणार होतं.

मामांनी मात्र इस्त्री खाली ठेवली नाही. "नको साहेब. ताईंनी शब्द दिलाय मला. पुढेमागे हे दुकान मीच बघायचंय."

मावशींची सुई थांबली. "तुम्ही? अहो, मला म्हणाल्या होत्या त्या."

"थांबा थांबा," चष्म्या म्हणाला. "बॉयलरच्या मागे?"

तिघांनी ताईंकडे पाहिलं. व्यवस्थापकानेही पाहिलं.

"अरे, मी तिघांना मिळूनच म्हटलं होतं," ताई हसत म्हणाल्या. "तुम्ही तिघं मिळून सांभाळायचं, असं."

कुणी हसलं नाही. मामांची नजर इस्त्रीवर गेली. मग परक्या माणसासमोर ताईंची लाज राखायला ते म्हणाले, "हो, तसंच म्हणाल्या होत्या. माझ्याच ऐकण्यात गफलत झाली."

व्यवस्थापक कोट घेऊन निघून गेला. मामांनी पुढची पँट फळीवर पसरली. ताईंना वाटलं, यांनी चारचौघांत दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्या थापेला खरं मानून या माणसाने चांगली नोकरी नाकारली, आणि वर आपलीच थाप सावरून घेतली.

चप्पल अर्धवट पायात अडकवून ताई रस्त्यावर धावल्या. व्यवस्थापकाला त्यांनी चौकात गाठलं. धापा टाकत म्हणाल्या, "मामा उद्या येतील. त्यांची जागा ठेवा."

परत आल्या त्या थेट मामांच्या फळीजवळ.

"तुमचं बोलून आले मी, मामा. जा तिथे."

"हाकलताय मला?"

"नाही. खोटं बोलले होते मी, तुम्हा तिघांशीही. पगार वाढवायला पैसे नाहीत, पुढच्या वर्षीचंही माहीत नाही. आणि दुकान मी तुमच्यापैकी कुणालाच देणार नव्हते. माझ्या भाच्याला द्यायचं ठरलंय."

"तो? त्याला तर बटणसुद्धा लावता येत नाही," मावशी म्हणाल्या.

"नाही येत."

"मग आम्ही दोघांनी काय करायचं?" चष्म्याने विचारलं.

"तुमच्यासाठीही कुणी विचारलं तर सांगेन," एवढंच ताई म्हणाल्या, आणि तेही त्यांना तोकडं वाटलं.

मामांनी वाफेची नळी बंद केली. "आणि तिथे नाही जमलं तर? परत घ्याल?"

'दार उघडंच आहे' हे शब्द ताईंच्या ओठांवर आले. त्यांनी ते गिळले.

"सांगता येत नाही, मामा."

मामांनी मान डोलावली आणि एप्रन सोडायला हात मागे नेला. गाठ घट्ट बसली होती. मावशी उठल्या आणि ती सोडू लागल्या. ताईंकडे कुणी पाहत नव्हतं.