उष्णतेचं पथ्य

कडावात सहदेवच्या दुधाला नाव होतं. तीन म्हशी, एक मोटरसायकल आणि दुधात पाणी न घालण्याची ख्याती, एवढ्या भांडवलावर तो गावात साधू म्हणून खपत होता. कुणाच्या बांधाचं भांडण असो की सुनेचं, पंच म्हणून सहदेवला बोलावणं. पाणी न घालणं म्हणजे मुळात काही न करणं. पण काही न करता मोठं होण्याची सोय आपल्याकडे फार जुनी आहे.

नंदा त्याची बायको. तिला उष्णता होती.

ती उष्णता सहदेवनेच शोधून काढली. सहा वर्षांपूर्वी नंदाला ताप भरला, जांघेत गाठी आल्या आणि नको त्या जागी पाण्याने भरलेले फोड उठले. लघवीला बसलं की जीव जायचा.

"उष्णता हाय," सहदेव म्हणाला. "गोठ्यात दिवसभर वाफ, त्यात तुला सुकटीचा नाद. थंड खा, बरं वाटंल."

"डॉक्टरला दाखवू का?"

"ही काय दाखवायची जागा हाय? येडी का खुळी तू!"

तेव्हापासून सुकट बंद, अंडं बंद, ठेचा बंद. आंब्याचं तर नाव नको. परसातल्या रायवळाचे आंबे दरसाल पाडाला यायचे, सहदेव ते चोखून खायचा आणि कोयी लांब टाकायचा, नंदाला बघून मोह होऊ नये म्हणून. बदल्यात रोज संध्याकाळी तो स्वतःच्या हाताने तिच्यासाठी सब्जा भिजत घालायचा. ज्या गावात पुरुष तांब्याला फक्त पाणी प्यायला हात लावतो, तिथे ही केवढी गोष्ट! नंदा माहेरी गेली की वहिनीला सांगायची, "मी सांगायला लागत नाय गं, आपण होऊन भिजवतात." वहिनी आपल्या नवऱ्याकडे बघून सुस्कारा सोडायची.

एवढं पथ्य करूनही फोड परत परत उठायचे. तसे ते उठले की सहदेव मांडी घालून समोर बसायचा.

"काय खाल्लंस?"

नंदा आठवायची. आठवलं की काहीतरी सापडायचंच. तव्याला लागलेला जवळा बोटाने चाटला होता. शेजारच्या डोहाळजेवणात लोणच्याची फोड घेतली होती. ती मान खाली घालून कबूल करायची आणि सहदेव मोठ्या मनाने माफ करायचा. "जाऊ दे. परत नको खाऊस."

यंदा वैशाखात सहदेव म्हैस बघायला खालापूरकडे गेला, मुक्कामाला. नेमकी त्याच दिवशी नंदाला चुरचुर सुरू झाली. काय खाल्लं ते आठवायला बसली, तर काहीच आठवेना. महिनाभर तिने दहीभाताशिवाय कशाला हात लावला नव्हता. गुन्हा सापडेना म्हणून ती घाबरली आणि रिक्षात बसून कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाई वयाने तिच्या भाचीएवढ्या. त्यांनी तपासलं, दुखतं का विचारलं आणि हात धुता धुता म्हणाल्या, "मावशी, ही उष्णता नाही. हर्पिस आहे. विषाणू असतो, अंगात शिरला की जात नाही. झोपून राहतो, मधूनमधून उठतो."

"आंब्याने उठतो?"

"आंब्याने काय होतंय? आंबा खा की."

नंदाला बाई जरा कच्च्या वाटल्या.

"चुरचुरायला लागलं की लगेच गोळी सुरू करायची," बाई सांगत होत्या. "फोड असताना नवरा-बायकोने जवळ यायचं नाही. एरवीही लागू शकतो, पण गोळ्यांनी ते कमी होतं. मिस्टरांना कधी झालं होतं?"

"त्यांना? कधीच नाय," नंदा म्हणाली. "झालं असतं तर सांगितलं असतं. दुधात पाणी न घालणारा माणूस हाय तो."

दुधाचा संबंध बाईंच्या लक्षात आला नाही. त्या म्हणाल्या, "कुणाकडून आला, कधी आला, हे छातीठोक सांगता येत नाही. वर्षानुवर्षं गप्प बसतो. त्यांनाही घेऊन या."

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या प्रवीणकडे सहदेव रोज दूध घालायचा. प्रवीणने चिठ्ठी पाहिली आणि कपाटाकडे न जाता गल्ल्याखालचा खण ओढला.

"दादांनी पाठवलं होय, वहिनी? त्यांचं पाकीट मी बाजूलाच ठेवतो. पण चिठ्ठी कशाला आणलीत? एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे कधी मागितली नाय."

"किती वर्षांत?" नंदाने विचारलं.

"मी दुकान घेतलं तेव्हापासून. सात-आठ झाली असतील. दादा एकदम शिस्तीचे. चुरचुरलं की लगेच गोळी, दोन दिवसांत गार. नायतर लोक बघा, उष्णता म्हणून सब्जा पीत बसतात!"

प्रवीण मनापासून हसला. नंदाही हसली, कारण समोरचा हसला की हसायचं अशी तिला सवय होती. रिक्षात बसल्यावर तिला ते हसू तोंडावरून काढता येईना.

दुसऱ्या दिवशी सहदेव आला. म्हैस पटली नव्हती. नंदाने पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते पाहिलं, मग गोठ्याकडे पाहिलं. पण म्हशी त्याच्या बाजूने काही बोलल्या नाहीत.

"लग्नाआधीचं हाय गं ते," तो अखेर म्हणाला. "चौक गावात गॅरेजात कामाला होतो तवाचं. आईशप्पत, नंतर काय नाय."

"असंल. आजार लग्नाआधीचा असंल. गोळी तर लग्नानंतरची हाय ना?"

"तुला घाबरवायचं नवतं."

"आन् मला उठलं तवा?"

"दोन माणसांच्या गोळ्या मागितल्या तर प्रवीण काय म्हणंल? गावात बसायला जागा राहिली असती का?"

म्हणजे अब्रू राखून एकच पाकीट मागता येत होतं आणि त्यात तो एकट्याचं भागवत होता. नंदाला चौकची ती कोण बाई डोळ्यांसमोर आणून पाहावीशी वाटली, जमलं नाही. डोळ्यांसमोर सारखा तो मांडी घालून बसलेला दिसत होता, काय खाल्लंस विचारत.

"सहा वर्षं मी आंबा नाय खाल्ला," ती म्हणाली.

"आंबा तसा उष्णच असतो," सहदेव म्हणाला. माणूस पंच होता. सवय जात नाही.

नंदाने त्याची वळकटी ओटीवर नेऊन टाकली. पाकीट कमरेला खोचलं. "उद्या बाईंकडे चला. तुमच्या गोळ्या तुमी मागायच्या, माझ्या मी. दोघांच्या, प्रवीणसमोर."

संध्याकाळी सवयीने सहदेवने सब्जा भिजत घातला. घातल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोवर बिया फुगल्या होत्या. पेला कुठे ठेवावा ते न कळून तो हातात धरून तसाच उभा राहिला. नंदा दारात सुकट भाजत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या सुनितावहिनी चरवी घेऊन आल्या. सुकटीचा वास घेत म्हणाल्या, "अगं बाई, पथ्य सुटलं वाटतं? आन् भाऊजी अजून सब्जा घेऊन उभेच! नशीब काढलंस गं. दुधातसुद्धा पाणी न घालणारा माणूस."

नंदाने उठून त्यांच्या चरवीत दूध मापलं, वर नेहमीचा वाढावा घातला.

"दुधात नाय घालत," ती म्हणाली.